अर्धनारीनटेश्वर आणि मराठी क्रियापद
(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



घारापुरीच्या मुख्य लेण्यात सदाशिवाच्या त्रिमुखी मूर्तीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला अर्धनारीनटेश्वराचे सुमारे ५ मीटर उंचीचे शिल्प दिसते. काळ सहाव्या शतकाचा. उजवे अंग शिवाचे, त्याचा एक हात नंदीवर विसावलेला. डावे पार्वतीचे, तिच्या हाती दर्पण. खालचा भाग भग्न आहे. तरीही ध्यानात येते की, शिल्पकाराने दोन अर्धी शरीरे मधोमध सांधलेली नाहीत. पार्वतीच्या कटीचा बाक शिवाच्या रेललेल्या बाहूने तोलला आहे. देह एक, तोलही एकच. बदामीच्या पहिल्या लेण्यात याच देवतेशेजारी अस्थिपंजर भृंगी उभा आहे. पार्वतीला वगळून केवळ शिवाला प्रदक्षिणा घालू पाहणाऱ्या त्या ऋषीचे काय झाले, हे त्याच्या फासळ्याच सांगतात.

कथालेखकाला ही सोय नाही. मराठी वाक्यात क्रियापद येताच निवड करावी लागते. 'बृहन्नडा आला' की 'आली'? व्याकरणात नपुंसकलिंग आहे खरे. परंतु प्रौढ व्यक्तीविषयी 'ते आले' असे एकवचनी लिहिले की माणूस वस्तूच्या पंक्तीला बसतो, आणि आदरार्थी घेतले तर पुन्हा पुल्लिंगच! (गंमत अशी की, 'अर्धनारीनटेश्वर' हा शब्दही पुल्लिंगीच चालतो.) मग पुष्कळदा असे पात्र विनोदापुरते दोन पाने येते आणि जाते.

व्यासांनी तसे केलेले नाही. विराटपर्वात कौरवसेना पाहून राजपुत्र उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो. त्याला धरायला बृहन्नडा धावते. तिची वेणी आणि तांबडी वस्त्रे उडताना पाहून काही सैनिक हसतात. पुढे शमीवृक्षावरून गांडीव उतरते आणि त्या हसण्याचे उत्तर मिळते. शिखंडी कन्या म्हणून जन्मला, पुत्र म्हणून वाढला, यक्षाकडून त्याला पुरुषत्व लाभले. त्याच्यावर शस्त्र न उचलण्याचे व्रत भीष्मांचे होते. उद्योगपर्वात तेच भीष्म त्याची गणना पांडवांच्या रथींमध्ये करतात.

आणि आजच्या सभांतून, हिंदुत्वाच्या व्यासपीठावरूनही, भ्याड प्रतिस्पर्ध्याला कोणती विशेषणे लावली जातात? शिखंडी आणि बृहन्नडा! भ्याला तो उत्तर. त्याचे नाव कोणी घेत नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने स्त्रीवेशातील या मंडळींची नोंदवही ठेवली, त्यांचा सार्वजनिक वेश आणि नृत्य दंडनीय ठरविले. ती नजर परकी म्हणून सोडून देता येईल. सभेत टाळ्या वाजविणारे हात मात्र आपलेच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना मान्यता दिली, २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात किन्नर आखाडा सहभागी झाला. घराच्या उंबरठ्याच्या आत काय घडते, हे सांगणे कथेचे काम. लिहू पाहणाऱ्या तरुणांनी एवढे करून पाहावे. पात्र स्वतःविषयी 'मी आले' म्हणत असेल, तर निवेदनातही 'ती' यावी. संवाद मात्र घरच्यांच्या तोंडचेच असावेत. आई सवयीने 'तो आला' म्हणेल, धाकटी बहीण 'ताई आली' म्हणेल, वडील क्रियापदच गाळून 'जेवण?' एवढेच विचारतील. ही तिन्ही वाक्ये दुरुस्त न करता लिहावीत.