फोटोवाल्या आबांच्या काचा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात आजवर मी उभी राहिले ती हळदीकुंकवाचे तबक फिरवायला, नाहीतर पंगतीत घनसाळचा भात वाढायला. भाषणाला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. म्हणून मी चिटणीसबाईंना म्हटले, "मला काय बोलता येतंय?" तर त्या म्हणाल्या, "काचांचं बोला. वर्षभर घरोघर तेच विचारत हिंडताय की." तेव्हा काचांचेच सांगते. त्यात माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगते, कारण तिच्यावाचून पुढचे कळायचे नाही.

माझे आजेसासरे फोटोग्राफर होते. गाव त्यांना फोटोवाले आबा म्हणे. मी २००१ साली लग्न होऊन या घरी आले, तेव्हा आबांना जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. आजेसासूही नव्हत्या. आबांची खूण म्हणून माळ्यावर एक तीन पायांची लाकडी घोडी, एक काळे फडके आणि काचांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या एवढेच उरले होते. कॅमेरा कधी कोणाला दिला की विकला, ते घरात कोणी सांगत नसे.

पुढच्याच वर्षी घराची डागडुजी निघाली. भांड्यांच्या कपाटाला काचा हव्या होत्या, देवाच्या तसबिरींच्याही दोन-तीन काचा फुटल्या होत्या. पैसा बेताचा. सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावर ढीगभर काचा पडल्यात, त्या धू." मी पेट्या खाली काढल्या. एकेका पेटीत डझनभर, अशा सात पेट्या. काच उजेडाकडे धरली की आत माणसे दिसत, पण सगळी उलटी. तोंडे काळी, केस पांढरे. मला तेव्हा निगेटिव्ह म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. सासूबाईंना तर ती भुतेच वाटत. तिन्हीसांजेच्या आत आटप म्हणाल्या.

कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि काचा त्यात बुडवल्या. थोड्या वेळाने चित्राचा थर सुटून दुधावरच्या सायीसारखा पाण्यावर येई. तो निपटायचा, काच राखेने घासायची आणि उन्हात उभी करायची. दोन दिवस मी तेच केले. काचा लख्ख निघाल्या म्हणून सासूबाईंनी शाबासकी दिली आणि मला ती गोड लागली.

त्यातली एक काच मात्र ध्यानात राहिली. खुर्चीवर एक बाई, मांडीवर तान्हे मूल. तिचा चेहरा काळा, पण कपाळावरचे कुंकू उजेडात दिव्यासारखे लखलखत होते. पुढे मला एकाने समजावून सांगितले की जुन्या काचेला तांबडा रंग दिसत नसे, म्हणून निगेटिव्हवर कुंकवाच्या जागी काच कोरी राहायची. त्या दिवशी मी घटकाभर ती धरून बघत राहिले आणि मग तीही पाण्यात सोडली.

गेल्या साली दिवाळी होऊन गेल्यावर जवळच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या मावशी घरी आल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. त्या वर्षाच्या असताना त्यांची आई वारली. वडील मुंबईला गिरणीत. लेकीचे तोंड त्यांना बघायला मिळावे म्हणून आईने तिला मांडीवर घेऊन आमच्या आबांकडे फोटो काढवला आणि मुंबईला धाडला. चाळीतल्या खोल्या बदलताना तो कुठे गहाळ झाला. मावशींनी आईचे तोंड कधी पाहिलेच नाही. आता कोणीतरी त्यांना सांगितले होते की काच असली तर तिच्यावरून दुसरा फोटो निघतो. त्या मला म्हणाल्या, "काचा हाईत न्हवं गं तुमच्याकडं?"

काचा होत्या. समोरच्या कपाटालाच होत्या. त्या काचांआडच्या कपबश्या काढून मी मावशींना चहा दिला, आणि मला काही बोलता आले नाही. बघते म्हणाले. आठ दिवसांनी वाडीवर जाऊन खरे ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुला काय म्हाईत, लेकी." त्या चार शिव्या देत्या तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी शोधाला लागले. काच गेली, पण फोटो कागदावर छापून लोकांनी नेलेले, ते कुठेतरी असतीलच.

आधी आबा कोण, कुठे शिकले, हे तरी कळावे म्हणून घरात विचारले. सासरे म्हणाले, "आबा बाबूराव पेंटरांच्या कंपनीत होते." आता कोल्हापूर जिल्ह्यात जुन्या घरात विचारा, प्रत्येकाचा आजोबा एकतर शाहू महाराजांच्या तालमीत असतो, नाहीतर बाबूराव पेंटरांच्या कंपनीत! तरी मी आपल्या गंगामाई वाचन मंदिरातून पुस्तके आणली. अडलेले शब्द मुलीकडून समजून घेतले. बाबूरावांनी १९१७ च्या डिसेंबरात कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. आनंदराव पेंटर हे त्यांचे आतेमामेभावंडांतले, दोघांनी मिळून सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, तेव्हा बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन तो पुरा केला. त्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. आपण अंबाबाईला जातो तेव्हा जाता जाता बघण्यासारखा आहे.

आमचे आबा १९१० च्या सुमाराचे. 'सैरंध्री'च्या वेळी दहा वर्षांचे पोर कंपनीत काय करणार? फार तर नंतर पडदे रंगवणाऱ्यांच्या हाताखाली राहिले असतील. सासऱ्यांना हे सांगितले तर ते रुसले. असो.

पण त्या वाचनात एक गोष्ट मनाला लागली. १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराने जमीन गिळली म्हणून शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो, अशी ती कथा. शेतकऱ्याचे काम शांतारामबापूंनी केले होते. ही तर आपल्या आजऱ्याच्या घराघराची गोष्ट! म्हटले, तो सिनेमा एकदा बघावा. तर तो आज कुठेच नाही. 'सैरंध्री'ही नाही. एवढ्या मोठ्या माणसाचे काम गेले, तिथे आमच्या आबांची काय कथा, असे वाटून चार दिवस मी शोध सोडूनच दिला होता.

मग दादासाहेब फाळके वाचले. सिनेमाच्या आधी दादासाहेबही फोटोग्राफरच होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला, तिथे प्लेगात पहिली बायको आणि मूल गेले. मग बडोद्याला धंदा मांडला, तर लोकांत अफवा, की कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो आणि माणूस मरतो. सासूबाईंना हे वाचून दाखवले तर म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"

दादासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले हे पुष्कळांना माहीत असते. पण दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे कामही त्याच करीत. औषधे कालवीत, फिल्म धूत. नाव मात्र पडद्यावर कुठे नाही. भगिनींनो, हे वाचले त्या दिवशी मला आमच्या आजेसासूंची पहिल्यांदा आठवण झाली. आबांच्या काचा रात्री धुवायला पाणी कोण शेंदत असेल?

दादासाहेबांनी शंभराच्या आसपास सिनेमे काढले, आणि उरले ते बोटावर मोजण्याइतके, तेही बरेचसे तुकड्यांत. जे उरले त्यातले काही कसे मिळाले, ते ऐका. पुण्याला १९६४ साली सरकारचे फिल्म संग्रहालय निघाले. तिथले पी. के. नायर दादासाहेबांच्या घरच्या मंडळींकडे गेले आणि घरात पडून असलेल्या फितींचे तुकडे त्यांनी मिळवले. १९१९ चा 'कालिया मर्दन' असा जुळवला गेला. त्यात कृष्णाचे काम दादासाहेबांच्या लहानग्या मंदाकिनीने केले आहे, आणि आज ती पोर आपल्याला मोबाईलवरसुद्धा नाचताना दिसते. म्हणजे घरात जाऊन विचारावे लागते. कागदपत्रांत काही सापडत नाही ते माळ्यावर सापडते. मी पुन्हा चपला घातल्या.

आता प्रश्न असा, की जुना फोटो आबांचाच हे ओळखायचे कसे? सगळ्यांवर काही शिक्का नसतो. त्याचे उत्तर गडहिंग्लजच्या आत्यासासूबाईंनी दिले. त्या आबांच्या धाकट्या लेक. म्हणाल्या, "पडदा बघ." आबांच्या अंगणात फोटोसाठी एक रंगवलेला पडदा असे. त्यावर खांब, तळे, तळ्यात हंस. एका पावसाळ्यात उंदरांनी तो खालच्या कोपऱ्यात कुरतडला. नवा पडदा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा आजेसासूंनी आपल्या जुन्या लुगड्याचा काठाकडचा तुकडा लावून तो सांधला. आबांनी त्यावर रंग दिला, पण काठाच्या दोन रेघा फोटोत येतच राहिल्या. आबा चिडत म्हणे. पण आज तळ्याच्या काठी लुगड्याच्या दोन रेघा दिसल्या की मी डोळे मिटून सांगते, हा आमचाच.

त्या खुणेवर वर्षभरात एकतीस फोटो मिळाले. कुठे कुठे सापडले म्हणून सांगू! तीन तर गणपतीच्या आणि लक्ष्मीच्या तसबिरींच्या पाठीमागे. नवे चित्र आणले की जुना फोटो पाठीला तसाच ठेवून चौकट बंद करायची, ही आपली सगळ्यांची रीत. काही ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली. एक रेशन कार्डाच्या पिशवीत. सात तर मुंबईहून आले. आपल्या पावसाने पुष्कळांची वाट लावली आहे. कोणाच्या तोंडावर बुरशी, कोणी काचेला चिकटलेला. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, मी एक तसा फाडला आहे. एका घरात दोघी जावांचे बोलणे बंद होते, पण सासूचा फोटो बघायला दोघी एका दिव्याखाली आल्या. आत्यासासूबाईंकडे काचांची एक पेटी न धुतलेली निघाली. बारा काचा. माझ्या मुलीने मोबाईलचा पांढरा पडदा लावून त्यावर काच ठेवली, दुसऱ्या मोबाईलने फोटो घेतला, आणि काळ्याचे पांढरे केले. काय सांगू बायांनो! एक पैलवान, दोन नवरानवरी, आणि रवळनाथाच्या देवळापुढे उभी असलेली पोरे हसायला लागली.

मावशींची आई मात्र त्या बारांत नव्हती. एकतीस फोटोंतही खुर्चीवरची ती बाई नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात वाडीतल्याच एका घरातून लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो मिळाला. मागे बायकांची रांग, एकेक तोंड तांदळाच्या दाण्याएवढे. घरच्या आज्जी नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी डावीकडून तिसरीवर बोट ठेवले, "ही तुझी आई." त्यांच्या धाकट्या बहिणीने चौथीवर ठेवले. दोघींची जुंपली. तिसरीच्या कपाळावर मोठे कुंकू दिसते, चौथीने मान खाली घातली आहे. मुलीने तो भाग मोठा करून छापून आणला. मावशींनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग पदराने पुसला. म्हणाल्या, "दोघींतली एक हाय न्हवं? मग झालं." आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी दोघींचा तो फोटो आहे. सणाला त्या दोघींना हळदकुंकू लावतात.

मी मात्र अजून खुर्चीवरची बाई शोधते आहे. तो कागद मुंबईत हरवला असला, तरी आबा एका फोटोच्या दोन प्रती छापून एक नमुन्याला ठेवीत, असे आत्यासासूबाई सांगतात. तो नमुना कोणी मागून नेला असेल. म्हणून तुम्हा सगळ्यांना विनंती आहे. घरच्या जुन्या तसबिरींच्या पाठी उघडून बघा. खिळे जपून काढा, चौकट पालथी ठेवून मऊ फडक्यावर उघडा. फोटोला पाणी लावू नका. ओला बोळाही नको, कोरडा मऊ ब्रश फिरवला तरी पुरे. पाठीमागे नाव लिहायचे तर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, आणि ओळखणाऱ्या आज्जी आहेत तोवर लिहा. काचेवर उलटी माणसे दिसली तर भिऊ नका, आणि देवाशपथ सांगते, सोडा लावू नका.

मंगळवारी दुपारी मी मोकळी असते. निरोप धाडा, मी येते. बारीक पक्कड आणि ब्रश माझ्या पिशवीत असतात.