कल्याण योजनांचा गैरवापर : चोर कोण आणि पहारा कोणावर?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेले भाषण, थोडा संक्षेप करून.)



शासनाच्या कल्याणकारी योजना आणि त्यांचा गैरवापर हा आपल्या दृष्टीने अडचणीचा विषय आहे. तो निघाला की आपला कार्यकर्ता दोहोंपैकी एक पवित्रा घेतो. एक तर 'गैरवापर वगैरे काही नाही, हा धनिकांच्या वृत्तपत्रांचा अपप्रचार आहे' असे म्हणून तो मोकळा होतो. नाही तर पारावर, लग्नमंडपात आणि एसटीच्या प्रवासात चालणाऱ्या 'फुकट्यां'च्या निंदेला तोही मान डोलावतो. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. गैरवापर होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो कोण करतो, नेमक्या कोणत्या जागी करतो, आणि त्यावर जो उपाय योजला जातो त्याचा फटका कोणाला बसतो, हे तीन प्रश्न सुटे सुटे करून पाहिले पाहिजेत. ते पाहिले नाहीत, तर चोरीच्या नावाने बोंब होते आणि चोर सोडून भलताच मार खातो.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. जुलै २०२४ पासून आपल्या राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' सुरू झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये द्यायचे ठरले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. त्यामुळे अर्ज घाईने भरून घेतले गेले आणि पैसे त्याहून घाईने वाटले गेले. निवडणूक आटोपल्यावर छाननीची आठवण झाली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनीच जाहीर केले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळले असून त्यांचा लाभ जूनपासून थांबविला आहे. त्यांत काही पुरुष होते. दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांनीही हा लाभ घेतल्याचे त्याच सुमारास उघड झाले.

आता या २६ लाखांच्या आकड्यात काय काय कोंबले आहे ते पाहा. स्त्रीच्या नावाची योजना पुरुषाने घेतली, ही लबाडी आहे. नियमित वेतन घेणाऱ्या सरकारी नोकराने अर्ज केला, तीही लबाडीच. परंतु एकाच कुटुंबात दोहोंपेक्षा अधिक स्त्रियांनी अर्ज केले, किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेचे मानधन घेणाऱ्या स्त्रीने याही योजनेत नाव घातले, म्हणून त्याही याच यादीत आल्या. एकत्र कुटुंबातली तिसरी जाऊ सकाळपासून दुसऱ्याच्या रानात खुरपते. ती चोर आहे काय? ती एका नियमात बसली नाही, इतकेच. लबाडी आणि नियमभंग यांची एकच बेरीज करायची आणि ती बेरीज 'बोगस लाभार्थी' म्हणून छापायची, यात फसवणूक आहे, आणि ती सरकारच्या बाजूने आहे. शिवाय मतदानापूर्वी डोळे मिटायचे आणि मतदानानंतर उघडायचे, हा तर योजनेचा सर्वांत मोठा गैरवापर झाला. त्याची गणना कोणत्याही यादीत नाही.

दोन चुका, दोन किमती

लाभार्थी निवडणाऱ्या कोणत्याही योजनेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्राला लाभ मिळणे ही एक आणि पात्र माणूस वगळला जाणे ही दुसरी. चाळणी बारीक केली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. या दोन चुकांची किंमत मात्र सारखी नाही. पहिल्या चुकीने तिजोरीतले काही रुपये जातात, दुसरीने एखाद्या घरातली चूल विझते. पहिलीची बातमी होते, कारण मोटारसायकलवरून रेशन न्यायला आलेला माणूस सर्वांना दिसतो. दुसरीची बातमी होत नाही, कारण जो रांगेत उभाच राहू शकला नाही तो दिसणार कसा?

रेशनव्यवस्थेत आपण हे अनुभवले आहे. १९९७ साली केंद्र सरकारने सार्वत्रिक रेशन मोडून दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशी विभागणी केली. धान्य केवळ गरजूंनाच मिळावे, गळती थांबावी, असा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात २००४–०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे अभ्यासकांना असे दिसले की ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे दारिद्र्यरेषेखालचे कार्डच नव्हते. आणि गळती? २००५ च्या नियोजन आयोगाच्या मूल्यमापनानुसार, केंद्राच्या साठ्यातून उचललेल्या सवलतीच्या धान्यापैकी ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचलेच नाही. म्हणजे चाळणी बारीक केली, गरीब गळले आणि चोरी चालूच राहिली!

याच्या उलट छत्तीसगडकडे पाहा. तेथे २००४ नंतर रेशनची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली गेली. पुढे धान्य दुकानापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी शासनाने घेतली आणि लाभार्थ्यांची व्याप्ती वाढविली. पाच-सहा वर्षांत तेथील गळती फार मोठ्या प्रमाणावर घटली. कारण उघड आहे. गावातल्या बहुतेक घरांचा दुकानाशी संबंध आला, की दुकानदाराला जाब विचारणारी तोंडे वाढतात. चार दुबळ्या कुटुंबांचे धान्य काळ्या बाजारात घालणे सोपे असते, सबंध गावाचे घालणे अवघड असते.

आळसाचा जुना आरोप

मदत दिली की माणसे आळशी होतात, गर्दी करतात, लुबाडतात, हा आरोप आजचा नाही. १८७७ च्या दुष्काळात लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी दक्षिणेत पाठविले. दुष्काळी कामांवर गरज नसलेले लोक शिरतात असे ठरवून टेंपलसाहेबांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर कष्टकरी माणूस जगणार नाही, असा त्याला विरोध केला. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दुष्काळाने माणसे मेली ती लाखांनी. आणि हिशेब मात्र कामावर 'जास्त' आलेल्या माणसांचा मांडला जात होता.

त्यानंतर शंभर वर्षांनी याच महाराष्ट्राने जगाला वेगळा मार्ग दाखविला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविला गेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलायचा, ही त्यामागची भूमिका होती.

अपात्र माणूस कसा टाळायचा, या प्रश्नाचे उत्तर या योजनेत आहे. तिने कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. वैशाखातल्या उन्हात खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला जो येतो तो गरजू, हे तिने गृहीत धरले. पोटभर असलेला माणूस तेथे जाणारच नव्हता. तरीही तिच्यात भ्रष्टाचार झाला. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मोजमाप मजुराला द्यायचे तेव्हा कमी आणि बिल काढायचे तेव्हा जास्त धरले गेले. पण पेन्सिल मजुराच्या हातात नव्हती. ती मुकादमाच्या, कारकुनाच्या आणि अभियंत्याच्या हातात होती.

योजनेविरुद्ध सर्वांत मोठी ओरड कोणाची होती हेही आठवावे. 'मजूर रोजगार हमीवर जातात, आमच्या शेतावर कोणी येत नाही,' असे म्हणणाऱ्या बागाईतदारांची! त्यांना मजुराचा आळस बोचत नव्हता, त्याला मिळालेला पर्याय बोचत होता. १९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन वाढले, तसे योजनेचेही दर वाढवावे लागले. आणि त्यानंतरच कामे उघडण्यात हात आखडता घेतला जाऊन हजेरी झपाट्याने घटली. कायद्यातला हक्क शाबूत होता, व्यवसाय करही वसूल होत होता, कामे मात्र निघत नव्हती. हक्क मोडण्यासाठी कायदा रद्द करावाच लागतो असे नाही, हे त्यातून शिकावे.

यंत्राचा पहारा

अलीकडे गैरवापराचे उत्तर यंत्रात शोधले जाते. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या रोजगार हमीत दिवसातून दोनदा मोबाइलवर छायाचित्र काढून हजेरी सक्तीची झाली. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच देणे सक्तीचे झाले. मधल्या काळात 'नोंदी स्वच्छ' करण्याची मोहीम निघाली आणि सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एकट्या २०२२–२३ या वर्षात ५ कोटी १८ लाख मजुरांची नावे कमी झाली. आधीच्या वर्षी हा आकडा दीड कोटीच्या आत होता. एका वर्षात एवढे मजूर एकाएकी खोटे कसे ठरले? झारखंडमध्ये रद्द झालेल्या रेशनकार्डांची अर्थशास्त्रज्ञांनी पुढे पडताळणी केली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य कार्डे खऱ्या कुटुंबांची निघाली.

आणि चोर? तो यंत्राला सरावला. जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक पाठवून कळविले की हजेरीसाठी भलतीच छायाचित्रे चढविली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जाते. रेंज नाही म्हणून खऱ्या मजुराचा दिवस बुडतो आणि खोट्याचा भरतो, असा हा पहारा.

यापुढचे पाऊल डिसेंबर २०२५ मध्ये पडले. संसदेने २००५ चा कायदा बाजूस सारून नवा कायदा केला. त्याच्या समर्थनार्थ गैरव्यवहारांचे दाखले दिले गेले. दिवस १०० वरून १२५ झाले, हे मान्य. परंतु बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा बोजा आला आणि कोणत्या राज्याला किती रक्कम, हे केंद्राने आधीच ठरवायचे असा नियम झाला. पूर्वी मागणी होईल तसा पैसा, हे तत्त्व होते. आता पैसा असेल तशी मागणी. खोट्या हजेरीचे कारण देऊन खऱ्या मजुराच्या हक्कालाच मर्यादा घातली गेली. गैरवापराच्या चर्चेत आपण गप्प बसलो तर काय होते, याचे हे ठळक उदाहरण समजा.

मग पैसा मर्यादित नाही का, असा प्रश्न प्रामाणिक माणूसही विचारतो. मर्यादित आहे, म्हणून तो कोठे जातो ते सगळीकडे पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील करात कपात झाली, तेव्हा सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडले गेले. २०२४–२५ मध्ये रोजगार हमीसाठीची तरतूद होती ८६ हजार कोटींची. कंपन्यांनी त्या सवलतीचा उपयोग गुंतवणुकीसाठी केला की नाही, हे पाहायला दिवसातून दोनदा छायाचित्र मागितले गेले नाही.

हिशेब चावडीवर

तेव्हा उपाय कोणता? तो राजस्थानातल्या मजुरांनी शोधून काढला. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली. जी कधी कामावर गेली नव्हती अशी नावे, एवढेच नव्हे तर मृतांची नावेही त्यांत निघाली. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणे झाले. त्या लढ्यातून २००५ चा माहितीचा अधिकार आला आणि त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाचे कलम आले. आंध्र प्रदेशाने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तेथेही सापडलेल्या अपहाराच्या मानाने वसुली थोडीच झाली, हे लपविण्याचे कारण नाही. चोरी उघड करणे आणि चोराला शिक्षा होणे यांत अजून पुष्कळ अंतर आहे. पण या पद्धतीत पहारा मजुरावर नसतो, मजूरच पहारेकरी होतो. हा फरक मूलभूत आहे.

आपल्या कार्यकर्त्याने करावयाचे काम यातून स्पष्ट होते. गावातल्या लाभार्थ्यांची यादी आणि कामाचा हजेरीपट माहितीच्या अधिकारात मागावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्यात आपल्या पक्षाच्या माणसाचे खोटे नाव निघाले तर तेही वाचावे. तेथे जीभ अडखळली तर पुढे आपले कोणी ऐकणार नाही. त्याच सभेत दुसरी यादीही मांडावी — ज्यांची नावे कापली गेली, ज्यांचा अंगठा उमटत नाही म्हणून पगार अडला, ज्या विधवेला मानधनासाठी तहसीलच्या खेपा माराव्या लागतात, त्यांची. काम मागितल्याची दिनांकित पोच घेतल्याशिवाय मजुराला परत येऊ देऊ नये. पोच नसेल तर हक्क केवळ कागदावर राहतो.

आणि एक शेवटचे. 'बहिणीला ओवाळणी' ही भाषा आपण स्वीकारू नये. ओवाळणी भाऊ खूश असेल तेव्हा घालतो आणि रुसला की थांबवितो. कष्टकरी स्त्रीला मिळणारी रक्कम ही कराच्या पैशातून मिळते. तोच कर तीही साबणासारख्या वस्तूंच्या खर्चातून कमीअधिक भरत असते. तिने ती मागायची असते कायद्याच्या कलमावर बोट ठेवून. ज्या दिवशी देणारा उपकारकर्ता आणि घेणारा संशयित, हे नाते आपण मोडू, त्या दिवशी गैरवापराचा हिशेबही सरळ मांडता येईल. तो मांडायला आपण कधीही कचरू नये, कारण त्या हिशेबात गमावण्यासारखे काही असेल तर ते हजेरीपट लिहिणाऱ्याचे आहे, त्यावर अंगठा उठविणाऱ्याचे नव्हे.