मज्जातंतूंचा दीर्घकालीन दाह : रक्तातील एक खूण
(वार्षिक सभेत मज्जातंतुविकार विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या विभागाचा औषधखर्च इतका का, असे आपण विचारता; ते रास्तच आहे. सीआयडीपी या विकारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरील आवरणावर उलटते आणि हातापायांतील बळ महिनोन्महिने ओसरत जाते. ६० किलो वजनाच्या रुग्णास पहिल्या खेपेसच सुमारे १२० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून ते बनते, महाग असणारच. पुष्कळ रुग्ण त्याने पुन्हा चालू लागतात. काहींना मात्र गुण येत नाही, आणि दागिने मोडून आणलेले औषध वाया जाते.

याचे एक कारण आता उलगडले आहे. मज्जातंतूचे आवरण सलग नसते. त्यात ठरावीक अंतरावर रान्व्हिएच्या गाठी असतात. गाठीच्या दोन्ही कडांना न्यूरोफॅसिन १५५, कॉन्टॅक्टिन १ ही प्रथिने आवरणाला तंतूशी जखडून ठेवतात. काही रुग्णांच्या रक्तात नेमक्या याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. ती बहुधा आयजीजी ४ वर्गाची असतात. हा वर्ग दाह पेटवीत नाही, केवळ पकड सोडवतो. म्हणूनच दाह शमविणारे इम्युनोग्लोब्युलिन तेथे बहुधा अपुरे पडते. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा रुग्णांना सीआयडीपीतून वगळून स्वतंत्र गटात ठेवले.

हे रुग्ण थोडे आहेत, दहांत एकाहूनही कमी. परंतु तरुण वय, हातांचा कंप, तोल जाणे, किंवा कॉन्टॅक्टिनच्या बाबतीत लघवीतून प्रथिने जाणे, असे दिसले की आम्ही सावध होतो. त्यांना रिटुक्सिमॅब अनेकदा लागू पडते. २००७ पासून ते भारतीय बनावटीचेही मिळते. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आधार अद्याप तोकडा आहे, हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. शिवाय औषधापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी टाळता येत नाही. गुण आला की प्रतिपिंडांचे प्रमाणही बहुधा उतरते, म्हणून तीच तपासणी पुढे उपचारांची दिशा दाखविते.

उपचारांनंतर प्रतिपिंडे विरळ होऊ शकतात. यास्तव रक्ताचा नमुना पहिल्या बाटलीपूर्वीच घेऊन ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. गरजू रुग्णांच्या या तपासणीसाठी विश्वस्तांनी वेगळी तरतूद करावी, अशी विनंती आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.