बिनचिठ्ठीची बाटली
(कलाशिक्षकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने पदभरती, तासिका आणि अनुदान यांवर बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. ते प्रश्न खरेच आहेत आणि उद्याच्या खुल्या अधिवेशनात त्यांवर ठराव येणार आहेत. मी मात्र माझा वेळ आपल्या चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटाला देणार आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. स्नेहसंमेलनासाठी पडदे रंगवायचे होते. ब्रश धुण्यापुरतं थिनर मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून घेतलं आणि बाटली खिडकीत ठेवली. वर चिठ्ठी लावली नाही. कबड्डी खेळून तहानलेला आठवीतला एक मुलगा आत आला, त्याने बाटली उचलली आणि तोंडाला लावली. एकच घोट. मी घाबरलो, त्याच्या घशात बोटं घातली आणि उलटी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, ते पोटात गेलं होतं. तुम्ही त्याला छातीत जायला वाट करून दिलीत." थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल हे पातळ पदार्थ उलटीबरोबर वर येताना श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसाला सूज येते. मुलगा नऊ दिवस तापात होता. तो बरा झाला, पुढे बारावी झाला, आज त्याला स्वतःची मुलं आहेत. पण त्या नऊ रात्री त्याची आई ज्या नजरेने माझ्याकडे बघायची, ती नजर मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कोणत्याही शाळेत गेलो की भिंतीवरच्या चित्रांआधी मी कपाट उघडून बघतो.

त्या कपाटांत काय सापडतं, ते तुम्हाला सांगायला नको. झाकण गंजलेले डबे, कागदाच्या पुडीत बांधलेली रंगाची पूड, तळाशी कडक झालेलं रबर सोल्यूशन, आणि "हे आधीच्या सरांचं आहे" एवढीच ओळख असलेल्या बाटल्या.

आपल्या जुन्या रंगांची नावं मला फार प्रिय आहेत. शेंदूर, हिंगूळ, हरताळ, मनशीळ. पण शेंदूर मुळात शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, आणि हरताळ व मनशीळ आर्सेनिकचे. नियमाला हरताळ फासला, असं आपण सहज म्हणतो. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत, त्या लेपावरून तो वाक्प्रचार आला. ट्यूबमधले रंगही मुळात असेच विषारी. क्रोम यलो म्हणजे मूळचं शिशाचं क्रोमेट, फ्लेक व्हाइटही शिशाचाच. आता पुष्कळदा आतलं रंगद्रव्य बदललेलं असतं आणि नाव तेवढं जुनं राहतं. म्हणून ट्यूबवरच्या नुसत्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. वारलीच्या तासाला गेरूवर तांदळाच्या पिठाने रेघ ओढणारं मूल त्यामानाने पुष्कळ सुरक्षित असतं.

शिसं मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाच्या शरीरात मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषलं जातं, आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. आजारी मुलांच्या शरीरात शिसं येतं कुठून, याचा ते शोध घेत होते. १९०४ साली त्यांनी व्हरांड्याच्या कठड्याकडे बोट दाखवलं. उन्हाने भुगा झालेला रंग मुलांच्या बोटांना लागत होता आणि बोटं तोंडात जात होती. त्या मुलांनी हातात ब्रश धरलेलाही नव्हता. आपल्या वर्गात तर मुलाच्या हातात रंगच असतो.

आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतल्या शिशावर २०१६ साली नियम झाला. १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. नियम चांगला आहे. पण तो भिंतींच्या आणि दारांच्या रंगांसाठी आहे, त्याच्या नावात मुलांच्या रंगपेटीचा उल्लेख नाही. अमेरिकेने १९८८ साली खास चित्रकलेच्या साहित्यासाठी कायदा केला. त्यानुसार दीर्घकाळात अपाय करू शकणाऱ्या साहित्याचं विषतज्ज्ञाकडून परीक्षण करून वेष्टणावर तसा इशारा छापावा लागतो. असा कायदा आपल्यालाही हवा आहे. संघटनेने त्याची मागणी लावून धरावी, असं मी अध्यक्ष म्हणून सुचवतो.

पण कायदा होईपर्यंत हात बांधून बसायचं का? आपल्या हातात आहे त्यातलं पहिलं म्हणजे ब्रश. माझे गुरुजी ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरून फिरवायचे. मीही तेच केलं. एकदा वर्गात मान वर करून पाहिलं, तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांचे ब्रश तोंडात. मी त्यांना तसं करायला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझा हात गिरवला होता. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुलींना ब्रश ओठांनी टोकदार करायला शिकवलं होतं, आणि १९२०च्या दशकात त्यांचे जबडे कुजू लागले. पोस्टर कलर म्हणजे रेडियम नाही, हे मला कळतं. पण सवय तीच आहे, आणि ती आपण लावतो. ब्रशचं टोक ओल्या फडक्यावर तितकंच छान येतं. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी तसंच शिकवलं आणि त्यांची रेघ कुठे जाड झाली नाही.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस आपल्याला निरुपद्रवी वाटतं. पाण्यात कालवल्यावर ते घट्ट होताना तापतं, आणि जाड थराच्या आत ती उष्णता कोंडून राहते. २००७ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यातल्या एका शाळेत कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या मुलीने हाताचं शिल्प करायला दोन्ही हात प्लॅस्टरच्या बादलीत बुडवले. ते घट्ट झालं, हात निघेनात. भाजल्यामुळे तिची बहुतेक बोटं गेली. शाळेला पुढे न्यायालयात दंड झाला. हाताचा ठसा हवा असेल तर तो ओल्या शाडूत घ्या आणि त्या साच्यात प्लॅस्टर ओता. शाडू वाळला की त्याची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून काढा. त्या धुळीत सिलिका असते. बाटिकची रंगपूड कालवायची ती शिक्षकाने, वर्ग भरण्याआधी, नाकाला मास्क लावून. थर्मोकोल तापल्या तारेने कापायचा असेल तर मुलांना बाहेर पाठवा आणि खिडक्या उघडा. आणि डबा चित्रकलेच्या खोलीत खाऊ देऊ नका. पाऊस असला तरी नाही.

खोली कुठे आहे, असं तुमच्यातले निम्मे विचारतील, आणि ते खरं आहे. खोलीच काय, कलाशिक्षकही सगळीकडे नसतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. त्याहून लहान शाळेत कपाटाची किल्ली कोणाकडे असते? कधी गणिताच्या बाईंकडे, कधी शिपाईमामांकडे. त्यांना यातलं काही सांगायची जबाबदारी आजवर कोणी घेतलेली नाही. ती आपण घ्यायची. शेजारच्या दोन शाळांची कपाटं प्रत्येकाने वाटून घ्यावीत. ज्याच्यावर नाव नाही ते वर्गात वापरू नये, नळाखाली ओतू नये, शाळेमागे जाळू नये. कुलूप लावून वेगळं ठेवावं आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवावं. त्याची पोच घ्यावी.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर मी कोऱ्या चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवले आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर चार ओळी आखल्या आहेत : आत काय आहे, कधी आणलं, कोणी भरलं, आणि पोटात गेलं तर काय करायचं. चौथ्या ओळीत थिनरसाठी "उलटी काढू नका, लगेच दवाखाना" हे मी आधीच छापून घेतलं आहे. जेवायला जाण्याआधी आपल्या शाळेत आणि शेजारच्या दोन शाळांत मिळून बाटल्या किती आहेत याचा अंदाज सांगा आणि तेवढ्या चिठ्ठ्या घेऊन जा.