अनात्मवादाच्या घरी पितरांचे पान



आत्म्याचा विचार भारतात प्रामुख्याने वादाच्या अंगाने वाढला: उपनिषदांनी आणि गीतेने आत्मा अविनाशी मानला, चार्वाकांनी देहाबरोबर सारेच संपते असे ठरवले, तर बुद्धाने रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांपलीकडे, म्हणजे देह-मनाच्या सतत बदलत्या घटकांपलीकडे, कायम टिकणारे काही नाही असे सांगितले; या मताला अनात्मवाद म्हणतात. हाच बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानमध्ये आला आणि कालांतराने येथील बहुतेक घरांतील मृतांची क्रियाकर्मे त्याच्याच हाती गेली.

तरीही याच घरांत पितर दरवर्षी परत येतात, असे मानले जाते. ओबोन हा पितरांच्या आगमनाचा काळ टोकियोत जुलैच्या मध्यास, तर इतरत्र बहुधा 13 ते 16 ऑगस्टला पाळतात. काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून अनुक्रमे घोडा व गाय केली जाते. पितरांनी घोड्यावरून लवकर यावे आणि परतताना गाईच्या चालीने रमतगमत जावे, ही त्यामागची भावना. (पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.)

लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर्वजांविषयीच्या ग्रंथात असे मांडले की, जपानी समजुतीनुसार मृताचा आत्मा फार दूर न जाता गावाजवळच्या डोंगरांत वावरतो आणि साधारणपणे 33 व्या वर्षीच्या अखेरच्या श्राद्धानंतर स्वतःचे वेगळेपण सोडून कुलाच्या पूर्वजदेवतेत विलीन होतो. मृताला प्रत्यक्ष पाहिलेली पिढीही तोवर उताराला लागलेली असते, हे लक्षात घेतले तर येथे आत्म्याचे आयुष्य नात्याच्या आयुष्याशी बांधलेले दिसते. म्हणजे हा आत्माही कायम टिकत नाही, आणि म्हणूनच आचाराने अनात्मवादाचा पराभव केला, असे म्हणणे घाईचे ठरेल.

नात्याचा हाच धागा यंत्रांपर्यंतही पोचला: चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात 2015 पासून सोनीच्या ‘आयबो’ या यंत्रकुत्र्यांसाठीही सूत्रपठण होऊ लागले. त्यांची अधिकृत दुरुस्ती बंद झाली होती आणि सुटे भाग काढून घेण्यापूर्वी त्यांना रीतसर निरोप दिला जात होता. यंत्राला आत्मा असतो की नाही, हा वाद त्यासाठी कोणी अडवून धरला नाही.

जपानमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांनी येत्या ओबोनला शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून बुत्सुदान, म्हणजे पूर्वजांच्या नावांच्या पाट्या ठेवलेला घरातील देव्हारा, समजून घ्यावा आणि त्यांना पितृपक्षाची माहिती द्यावी. त्यासाठी आधी गावाकडच्या आजीला फोन करून विचारून घ्यावे.