बांधापलीकडची सावड

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात बियाणे, खते आणि पाणी व्यवस्थापन यांवर तज्ज्ञ मंडळींनी आपल्याला मार्गदर्शन केले. माझा विषय थोडा निराळा आहे. मोबाईलवरच्या शेतकरी गटांतील मैत्री आणि एकमेकांना होणारी मदत, यावर मी बोलणार आहे. यात शेतीचे काय, असे कोणाला वाटेल. पण इथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येकजण दोन-चार गटांत आहे. तेव्हा हेही आता एक औजारच झाले. औजार असले म्हणजे ते वापरायचे कसे, हे शिकावे लागते.

सावडीचा हिशेब

सावड आपल्याला नवी नाही. एकाकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक बैल, दोघांचे मिळून एक औत. आज तुझे रान, उद्या माझे. लावणी, खुरपणी, काढणी यांनाही हीच रीत. कोणी तिला वारंगुळा म्हणतात. इर्जिकीला तर गावातली औते एकाच्या रानात उतरत, दिवसात नांगरट उरकत आणि रानाचा मालक सर्वांना जेवू घालत असे.

यात पैसा नव्हता, पण हिशेब होता. ज्याने आपल्याला बैल दिला, त्याच्या रानात वापसा येताच आपण हजर राहायचे. जो नुसते घेतो, त्याला पुढच्या वर्षी सावडीत कोणी धरत नसे. मोबाईलवरच्या गटालाही हीच कसोटी लावावी. रोज सकाळी फुलांची चित्रे आली म्हणजे गट जिवंत आहे असे नव्हे. कोणाचे अडले तेव्हा कोण धावले, ते पाहावे.

एकट्याला न जमणाऱ्या गोष्टी

आपले द्राक्ष बागायतदार १९६० साली संघ करून एकत्र आले. एकमेकांच्या बागा पाहणे, छाटणीचे आणि रोगांचे अनुभव सांगणे, ही पद्धत त्यांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी पाडली. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा द्राक्षाचा हंगाम भरात होता आणि व्यापारी फिरकेनात. त्या वेळी अनेक शेतकऱ्यांनी फोनवरच्या गटांतून मागणी गोळा केली आणि पेट्या थेट शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या दारात पोचवल्या. एकाची गाडी, दुसऱ्याचा माल, तिसऱ्याची शहरातली ओळख. ही सावडच होती.

कपाशीचे उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळीचा पतंग बांध ओळखत नाही. तुम्ही हेक्टरी ५ कामगंध सापळे लावले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर तुमच्या कष्टाचे चीज होत नाही. म्हणून गावातील प्रत्येकाने सकाळी सापळे पाहून पतंगांची संख्या गटावर टाकावी. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग दिसले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. अशा वेळी साऱ्या शिवाराला एकदम सावध करता येते. या कामाला खर्च काहीच नाही, फक्त रोजची शिस्त हवी.

विचारावे कसे, सांगावे कसे

पिवळ्या पानाचा एक फोटो टाकून ‘काय फवारू?’ असे विचारले जाते. कपाशीचे पान पाणी साचल्याने पिवळे पडते, नत्र कमी पडल्याने पडते, मॅग्नेशियमच्या कमतरतेने पडते आणि तुडतुड्यांनीही पडते. एका फोटोवरून यातले कारण ठरवणे अवघड असते. म्हणून विचारताना पीक, वाण, लागवडीची तारीख, जमीन कशी आहे, शेवटचे पाणी केव्हा दिले आणि शेवटची फवारणी कशाची केली, हे लिहावे. पानाची वरची व खालची बाजू आणि पूर्ण झाड, असे तीन फोटो द्यावेत.

सांगणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी. ‘मी माझ्या रानात केले’ आणि ‘मी ऐकले’ यांतला फरक स्पष्ट लिहावा. औषधाचे नुसते दुकानातले नाव न देता त्यातील घटक लिहावा. मात्रा साध्या पंपासाठी आहे की पेट्रोल पंपासाठी, हे लिहिल्याशिवाय संदेश अर्धाच समजावा. त्या पिकासाठी लेबलवर शिफारस नसलेले औषध सुचवू नये आणि मनाने दोन-तीन औषधे एकत्र करण्यास सांगू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विसरून चालणार नाही. आपल्या सल्ल्याने पंप पाठीवर घेणारा बहुधा कोणाचा तरी सालगडी असतो. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारावे किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करावा. ‘मला माहीत नाही’ असे सांगणाऱ्या मित्राला कमी लेखू नये. नेम न सांगता ठोकून देणाऱ्यापेक्षा तो बरा.

आणखी एक गोष्ट. खुरपणी, वेचणी, लावणी बाया करतात आणि गटात मात्र नावे सगळी पुरुषांची. अळी प्रथम दिसते ती वेचणाऱ्या बाईला. घरात एकच फोन असेल तर संध्याकाळी तो तिच्याही हाती द्यावा आणि तिने पाहिलेले तिच्याच नावाने गटात लिहावे.

गप्प झालेला माणूस

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गटात जो बोलतो त्याच्याकडे आपले लक्ष जाते. पण गारपिटीनंतर, भाव पडल्यावर किंवा बँकेची नोटीस आल्यावर माणूस बोलत नाही, गप्प होतो. रोज सापळ्याचा आकडा टाकणारा आठ दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी करणारा एक तरी मित्र गटात असला पाहिजे.

ही चौकशी शंभर माणसांपुढे करू नये. कर्जाची गोष्ट चारचौघांत निघाली की माणूस अधिकच मिटतो. त्याला एकट्याला फोन करावा, आणि जवळ असेल तर त्याच्या बांधावर जावे. उपदेश न करता ऐकून घ्यावे. शक्य तर एक ठोस काम अंगावर घ्यावे: पंचनाम्याच्या वेळी सोबत राहणे, बँकेत बरोबर जाणे, पाळीचे पाणी धरणे. ‘आता जगून काय करू’ अशी भाषा ऐकली तर थट्टा समजू नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत. डॉक्टरकडे घेऊन जाण्यात लाज नाही. केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक गटाच्या माहितीत आजच लिहून ठेवा.

मित्रहो, यंत्रे आली आणि बैलांची सावड बरीचशी मोडली. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, पण अडचणीत हाक मारायला माणूस भाड्याने मिळत नाही. फोनमुळे शंभर कोसांवरचा शेतकरी हाकेच्या अंतरावर आला आहे. त्याने हाक दिली तर ओ द्या, आणि आपली हाक देण्यातही संकोच करू नका. आज घरी गेल्यावर गटातील नावांवरून एकदा नजर फिरवा. बऱ्याच दिवसांत कोणाचा संदेश नाही ते पाहा आणि त्याला फोन लावा.