परदेशी एकटी राहणारी आपली कन्या

(उच्च शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी निघालेल्या तरुणी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर मुलुंड येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



परदेशी एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षेचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. येथून लोकलने जेमतेम अर्ध्या तासावर असलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पती गोपाळराव सोबत नव्हते. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण करून लोकांच्या शंकांना उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा त्यांचा निर्धार आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. परंतु त्याच भाषणातील दुसरी गोष्ट आपण सहसा सांगत नाही. रस्त्याने जाताना येणारे-जाणारे आपली टवाळी करतात, असे त्या माउलीने भर सभेत सांगितले होते. स्वदेशात इतके सोसलेल्या स्त्रीला परदेशाची भीती आपण कोणत्या तोंडाने घालायची?

आनंदीबाई धैर्यवान होत्या. पण केवळ धैर्याच्या भरवशावर त्या निघाल्या नव्हत्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार आधी तीनेक वर्षे चालला होता. 4 जूनला न्यूयॉर्कच्या बंदरात त्यांना उतरवून घेण्यास या बाई हजर होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आपण आला नाहीत तर जिच्या लक्षात येईल, अशी एक व्यक्ती त्या अनोळखी देशात होती, हे महत्त्वाचे.

आता आपल्या उपनगरांकडे पाहा. मुलुंड-घाटकोपरची वा अंधेरी-बोरिवलीची मुलगी रात्री अकराच्या लोकलने एकटी घरी येते आणि तिला त्यात विशेष वाटत नाही. का? महिलांच्या डब्यात चार जणी असतात, स्टेशनबाहेर रिक्षांची रांग असते, पानवाला जागा असतो, सोसायटीचा वॉचमन तिला नावाने ओळखतो. आपली सुरक्षा ही बव्हंशी गर्दीची सुरक्षा आहे. परदेशातील लहानशा विद्यापीठ-नगरात हिवाळ्यात सायंकाळी पाच-सहालाच रस्ते निर्मनुष्य होतात. ती शांतता पाहून मुंबईची मुलगी निर्धास्त होते. वस्तुतः तेथे साक्षीदार कोणी नसतो, हे तिच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा येथे जे आपोआप मिळते, ते तेथे प्रयत्नपूर्वक उभे करावे लागते. पहिल्याच आठवड्यात शेजारणीशी ओळख करून घ्या. रोज ठरलेल्या वेळी ज्यांच्याशी बोलणे होईल अशा दोघी तरी त्याच शहरातील असाव्यात. तुमचा फोन आला नाही म्हणून आई मुलुंडमध्ये कासावीस होईल, पण तिला दार ठोठावता येणार नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत रात्री ग्रंथालयातून खोलीपर्यंत सोबत देण्याची व्यवस्था असते. ती मागण्यात संकोच कसला? खोली प्रत्यक्ष पाहिल्यावाचून अनामत पाठवू नका. आपला पत्ता घरक्रमांकासह मुखोद्गत असू द्या. अमेरिका व कॅनडात 911, ब्रिटनमध्ये 999, युरोपात 112, ऑस्ट्रेलियात 000. या क्रमांकावर तुम्ही कोठे आहात हा प्रश्न येतोच.

आपली माणसे शोधा, हे तर मी सांगेनच. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. हिंदू स्वयंसेवक संघाच्या शाखाही अनेक देशांत भरतात. गणेशोत्सवात एका संध्याकाळी जेवढी कुटुंबे भेटतील, तेवढी वर्षभरात एरवी भेटणार नाहीत. परंतु मराठी बोलतो म्हणून माणूस विश्वासाचा, असे मात्र समजू नका. खोलीचे, नोकरीचे आमिष दाखवून फसविणारा पुष्कळदा आपल्याच भाषेत बोलतो. पारख दोन्हीकडे सारखीच हवी.

पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. मालक मागेल तरीही नाही. आखाती देशांत घरकामासाठी जाणाऱ्या भगिनींना हे अधिकच लागू आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून नंतर काम लावून देतो म्हणणारा दलाल दारातूनच परत पाठवावा. शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलात 2017 मध्ये उघडलेल्या विदेश भवनाची पायरी चढा. परराष्ट्र मंत्रालयाने 2015 मध्ये 'मदद' ही तक्रारींची संगणकीय व्यवस्था सुरू केली, आणि अडचणीत सापडलेल्यांसाठी दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. पोहोचताच दूतावासात नोंद करा. आणि दूतावासाच्या नावाने फोन करून कोणी पैसे मागू लागला, तर तो भामटा आहे असे समजून फोन ठेवा.

आता पालकांसाठी थोडे कटू. फिलाडेल्फियात आनंदीबाईंच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड उरे. अन्नाची आबाळ होती, आजारपणे होती. आणि अशा स्थितीत घरून येणाऱ्या गोपाळरावांच्या पत्रांत बोचरे शब्द असत. पत्नीला शिकविण्यासाठी त्या काळी समाजाशी भांडणारा हा पुरुष. त्याचे ऋण मोठेच आहे. तरी त्या पत्रांचे समर्थन करता येत नाही. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

आज पत्राऐवजी फोन आहे, पण प्रश्न तोच आहे. कोणी पाठलाग केला, प्राध्यापकाने वा वरिष्ठाने गैरवर्तन केले, तर तुमची मुलगी प्रथम तुम्हाला सांगेल का? "तू इतक्या उशिरा बाहेर गेलीसच कशाला?" हे वाक्य एकदा कानी पडले की पुढची गोष्ट ती सांगत नाही. परत ये, शिक्षण पुरे, असा धाक असेल तर मुळीच नाही. तक्रार करणाऱ्या मुलीकडे तेथील पोलीस ठाण्यात कोणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही, याची खात्री देता येत नसली तरी आपल्या घरात पाहणार नाही, एवढी तर आपण देऊ शकतो. विमानात बसण्यापूर्वी, आज रात्रीच जेवताना, वडिलांनी हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावे. आईने सांगितलेले असते. वडिलांनी सांगितलेले नसते.

दूरध्वनी क्रमांकांचे कागद दाराशी ठेवले आहेत. एक मुलीने पासपोर्टबरोबर ठेवावा, दुसरा घरी फ्रिजवर लावावा.